सावलीतला तापमापक

हवामानबदल हा विषय आपल्या चळवळीत पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच निघून जातो. पर्यावरण ही पोट भरलेल्यांची चिंता आहे, असे आपल्यातील अनेक कार्यकर्ते उघडपणे म्हणतात. त्यांच्या म्हणण्यामागे अनुभव आहे. नदी, जंगल, पक्षी यांच्याविषयी कळवळून बोलणारी माणसे गावकुसाबाहेरच्या वस्तीचा प्रश्न निघाला की मुकी होतात, हे आपण पाहिले आहे. तरीही हा विषय टाळून चालणार नाही. शासन आज या विषयावर मोठ्या प्रमाणात ज्ञान निर्माण करीत आहे. पैसा कोठे जाईल, भरपाई कोणाला मिळेल आणि कोणाचा मृत्यू कशाने झाला म्हणून नोंदला जाईल, हे या ज्ञानाच्या आधारे ठरत आहे. ज्ञान कोणाच्या हाती आहे यावर माणसाचे माणूसपण ठरवणाऱ्या समाजात आपण जन्मलो. म्हणून या नव्या ज्ञानाची चिकित्सा करणे हे आपले काम आहे.

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचे मूल्यमापन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. देशाचा अशा प्रकारचा पहिला शासकीय ग्रंथ म्हणून त्याची ओळख आहे. त्याची मुख्य जबाबदारी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने उचलली होती. ग्रंथ इंग्रजीत आहे, पण त्यातील निष्कर्ष मराठीत सांगता येण्याइतके स्पष्ट आहेत. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट पश्चिम घाटातही ठळक आहे. दूषित वायूंचे उत्सर्जन असेच बेसुमार राहिले, तर या शतकाच्या अखेरीस तापमान १९७६ ते २००५ या काळाच्या तुलनेत सुमारे ४.४ अंशांनी वाढेल आणि उन्हाळ्यातील उष्णतेच्या लाटा तिपटी-चौपटीने वाढतील, असे अनुमान त्यात आहे.

हे काम मोलाचे आहे. आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी आपल्या देशाच्या हवेचा अभ्यास करून ते केले आहे. त्यात जात शोधणे आणि ती सापडली नाही म्हणून शास्त्रज्ञांना धारेवर धरणे हा पोरकटपणा ठरेल. हा ग्रंथ भौतिक हवामानाचा आहे. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. ग्रंथाचे शेवटचे प्रकरण संभाव्य परिणामांविषयी आणि धोरणाला उपयुक्त ठरणाऱ्या संदेशांविषयी आहे. धोरणाला उपयुक्त असावे, पण धोरण सांगू नये, ही भूमिका १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवामान समितीने रूढ केली आणि सर्व देशांतील शासकीय शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली. वरवर पाहता ही भूमिका विनयाची आहे. तिचा व्यवहारातील अर्थ असा होतो की, शास्त्रज्ञ आकडा देतो आणि बाजूला होतो. त्या आकड्याचे काय करायचे ते अधिकारी ठरवतो. आकडा आणि अधिकारी यांच्यामध्ये जो समाज उभा असतो, त्याचा विचार करणे हे मग कोणाचेच काम उरत नाही.

सरकार शास्त्रज्ञांचे ऐकत नाही, ही सुशिक्षित मध्यमवर्गाची नेहमीची तक्रार. ती मला अपुरी वाटते. सरकार ऐकते. प्रश्न असा की, ऐकलेल्या ज्ञानातून शासन काय घडवते? सूचना घडवते की हक्क?

२

उष्णतेच्या लाटेचे उदाहरण घेऊ. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश असावे लागते. शिवाय ते सामान्य तापमानापेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला, तर सामान्य तापमान न पाहताही लाट जाहीर होते. एका हवामान विभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हा निकष पुरा व्हावा लागतो.

हे तापमान मोजतात कोठे? वेधशाळेच्या आवारात, पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर. ऊन थेट पडू नये, पण वारा खेळता राहावा, अशी त्या पेटीची रचना असते. थोडक्यात, आपला राष्ट्रीय तापमापक सावलीत उभा आहे. त्याला शास्त्रीय कारण आहे. हवेचे तापमान मोजायचे तर उन्हाचा झोत टाळावाच लागतो, आणि जगभर असेच मोजतात. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. परंतु सावलीत मोजलेला हा आकडा जेव्हा धोरणाचा उंबरठा होतो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरची उष्णता शासनाच्या हिशेबातून गळते. डांबर ओतणारा, खडी फोडणारा, वीटभट्टीवर थापी लावणारी, भर दुपारी गटाराच्या तोंडाशी उभा राहणारा, यांच्यापैकी कोणीही त्या पांढऱ्या पेटीत राहत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र शासनाच्या पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानात बसली. उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी परिसरातील पारा ३८ अंशांच्या आसपास होता, असे वृत्तपत्रांनी नोंदवले. सावलीतला आकडा आणि उन्हातला माणूस यांच्यातले अंतर किती जीवघेणे असते, हे समजण्यासाठी आणखी पुरावा नको.

उन्हात काम करणाऱ्या शरीरावरचा ताण मोजण्याची पद्धत उपलब्ध नाही असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. काळ्या गोलातील तापमापक आणि ओल्या कापडाचा तापमापक यांची नोंद एकत्र करून ऊन, दमटपणा व वारा यांचा एकत्रित परिणाम काढण्याची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. कशासाठी? प्रशिक्षण छावण्यांतील सैनिक उष्माघाताने कोसळत होते म्हणून. सैनिकाचे शरीर राज्यसंस्थेला मोलाचे वाटले, म्हणून त्याच्या कातडीला लागणारे ऊन मोजण्याचे शास्त्र जन्मले. शास्त्र कोणाच्या गरजेतून जन्मते, याचा हा धडा आहे. आपल्या हवामान खात्याने दमटपणा धरून काढलेला उष्णता निर्देशांक २०२३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्या निर्देशांकाशी मजुराच्या कामाचे तास बांधले गेले, तरच त्याचा धोरणाशी संबंध जोडला असे म्हणता येईल.

आता या संशोधनातून तयार झालेली सूचना वाचा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नागरिकांना सांगते: दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हात जाणे टाळा. सैल सुती कपडे वापरा. ताक, लिंबूपाणी प्या. शिळे अन्न खाऊ नका. या सूचनेत वाईट काही नाही. पण ही सूचना ज्या नागरिकाला उद्देशून लिहिली आहे, तो नागरिक कोण? त्याला दुपारी घरी थांबता येते आणि थांबला तरी त्याचा पगार कापला जात नाही. त्याच्या घराला पत्र्याऐवजी स्लॅब आहे. त्याच्या घरी ताजे अन्न शिजते. गावचे शिळे तुकडे ज्यांच्या वाट्याला धर्माने नेमून दिले होते, त्यांच्या नातवंडांना शासन आज शिळे खाऊ नका असे सांगते, तेव्हा त्या वाक्याचा आवाज आपल्या कानाला वेगळा येतो. उसाच्या फडातला कोयता टनावर मजुरी घेतो, वीटभट्टीवरची जोडी हजारी विटांवर घेते. उचल फेडायची असते, मुकादम डोक्यावर उभा असतो. अशा माणसाला बारा ते तीन टाळण्याचा सल्ला देणे म्हणजे तीन तासांची मजुरी स्वतःच्या खिशातून भरण्याचा सल्ला देणे होय.

कामाच्या वेळा बदलाव्यात, असेही याच प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी मजुरांना दुपारी १२ ते ३ पगारी सुटी देण्याचा आदेशही दिला. पण आदेश त्या उन्हाळ्याचा असतो. दरवर्षी मागता येईल असा हक्क कायद्यानेच मिळतो.

३

कोणी म्हणेल, उष्णतेचे शास्त्र आपल्या शासनाला नवे आहे, हळूहळू सुधारेल. म्हणून जुन्या संकटाचे उदाहरण तपासू. दुष्काळाचे शास्त्र महाराष्ट्रात नवे नाही. १८६६ आणि १८७१ साली पाऊस फसला, त्यापूर्वी १८६४ साली कलकत्त्यावर चक्रीवादळ कोसळले होते. त्या पार्श्वभूमीवर १८७५ साली इंग्रज सरकारने हवामान खाते स्थापन केले. म्हणजे दुष्काळ आणि हवामानशास्त्र यांचे नाते दीडशे वर्षांचे आहे.

आपल्याकडे दुष्काळ ठरवण्याचे माप म्हणजे आणेवारी, पुढे पैसेवारी. गावाच्या शिवारातील उभ्या पिकाचा अंदाज घ्यायचा आणि तो ५० पैशांच्या आत आला, तर टंचाई जाहीर करायची. या मापात ज्याचे पीक उभे आहे तोच दिसतो. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याच्या दुष्काळाला पैसेवारी नाही. २०१६ साली केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली. आता पावसाची तूट, जमिनीतील ओलावा, पेरणीचे क्षेत्र आणि उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती हे निकष आले. शासकीय संशोधन थेट धोरणात उतरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. तलाठ्याच्या नजरेऐवजी उपग्रहाची नजर आली.

पण उपग्रहालाही शिवारच दिसते. महारवाडा, मांगवाडा, पारध्यांची पालं यांतील रिकामी चूल अवकाशातून दिसत नाही. भरपाईचा हिशेब हेक्टरीच राहिला आणि हेक्टर सातबाऱ्यावर असतात. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीत राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या माणसांमध्ये शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. पीक जळाले की शेतकऱ्याचे उत्पन्न बुडते आणि त्याच दिवशी मजुराची मजुरी बुडते. पहिल्या नुकसानीला शास्त्रीय निर्देशांक आहे. दुसऱ्या नुकसानीला नाही. माप अधिक अचूक झाले, पण मोजायचे काय हा प्रश्न पुन्हा विचारलाच गेला नाही. अचूकता वाढल्याने न्याय वाढतोच असे नाही.

४

यावर उत्तर येते की, असा तपशील उपलब्ध नसतो. या उत्तराची तपासणी केली पाहिजे. शासनाचेच श्रमबल सर्वेक्षण घरोघर जाऊन धंदा विचारते आणि सामाजिक गटही विचारते. हवामान खात्याकडे तापमानाची दीर्घकालीन नोंद आहे. या दोन वह्या शेजारी ठेवल्या, तर कोणत्या जिल्ह्यात कोणत्या समाजगटाची माणसे किती तास उघड्यावर राबतात आणि तेथे किती ऊन तापते, याचा नकाशा काढता येतो. वह्या आहेत, त्या दोन वेगळ्या मंत्रालयांच्या कपाटांत आहेत. २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ मोहिमा जाहीर झाल्या: सौरऊर्जा, ऊर्जाबचत, शहरे, पाणी, हिमालय, वने, शेती आणि आठवी ज्ञानाची. श्रमाची मोहीम त्यांत नव्हती.

महाराष्ट्राच्या हवामान आराखड्यासाठी २०१४ मध्ये जो अभ्यास झाला, त्याने जिल्ह्यांची असुरक्षितता क्रमवार लावली आणि आदिवासीबहुल नंदुरबार सर्वाधिक असुरक्षित ठरवला. हे योग्यच झाले. परंतु जिल्हा हे एकक धरले की जिल्ह्याच्या आतील माणसामाणसांतला फरक सरासरीत विरघळतो. हे नेहमीचेच आहे. गावाची सरासरी काढली की गावकूस अदृश्य होते.

मृत्यूंच्या नोंदीतही हाच गोंधळ. २०१५ ते २०२२ या काळात उष्णतेने मेलेल्यांची संख्या गुन्हे नोंद विभागाकडे ८ हजारांच्या वर आहे. आरोग्य मंत्रालयाखालील रोगनियंत्रण केंद्राकडे ती ३ हजार ८०० च्या आसपास आहे आणि हवामान खात्याच्या वार्षिक अहवालांत त्याहूनही कमी. एकाच शासनाचे तीन आकडे! अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, हे संशोधकांनी एकूण मृत्यूंची तुलना करून दाखवले. त्या धक्क्यातून २०१३ मध्ये तेथे दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा झाला. मोजणी नीट झाली की धोरण हलते, याचा हा पुरावा. पण पुढे देशभर जे आराखडे निघाले, त्यांचे काय झाले? दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये १८ राज्यांतील ३७ आराखडे तपासले. कोणता समाजगट अधिक धोक्यात आहे याची पाहणी केवळ २ आराखड्यांत आढळली. पैसा कोठून येणार याची चर्चा केवळ ११ आराखड्यांत होती. ज्या आराखड्यात माणूस नाही आणि पैसा नाही, तो आराखडा म्हणजे वेळापत्रक छापलेली भिंत.

पैशाचे म्हणाल तर, उष्णतेच्या लाटेला राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत घ्यावे ही मागणी २०२४ मध्ये संसदेत आली. यादी वाढवण्याची गरज पंधराव्या वित्त आयोगाला वाटली नाही, असे उत्तर सरकारने दिले. राज्यांनी आपल्या आपत्ती निधीतील १० टक्के रक्कम स्थानिक आपत्तींवर खर्च करावी, एवढी मुभा होती. त्याच वर्षी सेवा या असंघटित स्त्रियांच्या संघटनेच्या विमा योजनेतून गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातील ४६ हजारांहून अधिक कष्टकरी स्त्रियांना पारा ठरावीक अंशावर गेला म्हणून रोख रक्कम मिळाली. म्हणजे तापमापकाचा आकडा मजुरीशी जोडता येतो, हे त्या स्त्रियांनी सिद्ध केले. विमा कंपनीला जे जमते ते शासनाला जमत नाही, असे कोणी म्हणू नये. मात्र विमा म्हणजे हक्क नव्हे. हप्ता थांबला की विमा थांबतो.

५

मग ज्ञानाचे रूपांतर हक्कात केव्हा होते? आपल्याच राज्यात ते एकदा झाले आहे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर मजुरांची रीघ लागली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत, माती वाहत होती. ती माणसे एकत्र आली, मोर्चे निघाले, मजुरीचा आणि कामाचा प्रश्न रस्त्यावर आला. वि. स. पागे यांची योजना आधीपासून कागदावर होती. तिला राज्यव्यापी बळ या रेट्यातून मिळाले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला काम, न दिल्यास बेकारी भत्ता आणि त्यासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर. पाऊस कमी पडल्याची माहिती सर्वांनाच होती. त्या माहितीचा हक्क झाला तो उपाशी माणसांच्या संघटित रेट्यामुळे.

याही मागे जाता येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. दामोदर खोऱ्याची योजना आणि कामगारांच्या आठवड्याच्या तासांवर ४८ ची मर्यादा हे विषय एकाच टेबलावर होते. पाण्याचे शास्त्र आणि श्रमाचा कायदा एकमेकांपासून तोडायचे नसतात, ही दृष्टी बाबासाहेबांच्या कारभारात दिसते. आज तापमान एका मंत्रालयात, मजुरी दुसऱ्यात, सामाजिक न्याय तिसऱ्यात आणि आपत्ती चौथ्यात आहे. मजुराचे शरीर मात्र एकच आहे.

केवळ कायदा केला की सारे सुरक्षित झाले, असाही भ्रम नको. अमेरिकेत १९९० पासून कायदा आहे की, दर चार वर्षांनी सरकारने हवामानबदलाचे राष्ट्रीय मूल्यमापन संसदेपुढे ठेवावे. त्यानुसार २०२३ पर्यंत पाच अहवाल झाले. एप्रिल २०२५ मध्ये तेथील सरकारने सहाव्या अहवालावर काम करणाऱ्या सुमारे ४०० तज्ज्ञांना एका फटक्यात घरी पाठवले. अहवालामागे विद्वान होते, कायदा होता. पण तो अहवाल आपला आहे असे मानून रस्त्यावर उतरणारा समाज पुरेसा नव्हता. आपल्याकडे २०२० च्या ग्रंथामागे असा कायदाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांत शोधला आणि देशात या विषयावर एकछत्री कायदा नाही हेही नमूद केले. तो हक्क उच्चारला गेला माळढोक पक्षी आणि वीजवाहिन्या यांच्या खटल्यात. पक्ष्याशी आपले वैर नाही. पण त्या हक्काला वीटभट्टीपर्यंत आणण्याचे काम आपल्याशिवाय कोणी करणार नाही.

त्यासाठी मागण्या नेमक्या असाव्यात. उन्हातील कामाच्या जागी उन्हाचा ताण मोजा आणि तो ठरावीक मर्यादेपुढे गेला की पगारी विश्रांती कायद्याने द्या. टनावर व हजारी मजुरी घेणाऱ्यांना सरासरी मजुरी द्या. दुष्काळाच्या निकषांत बुडालेल्या मजुरीचा निर्देशांक घाला. तापमानाच्या नोंदी आणि श्रमबलाच्या नोंदी जात व धंद्यानुसार एकत्र प्रसिद्ध करा. उष्णतेच्या मृत्यूंचा एकच हिशेब ठेवा. आणि हे सर्व मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

ज्या मुलांचे आईबाप फडात आणि खाणीत राबतात, ती मुले आज भूगोल, सांख्यिकी, अर्थशास्त्र शिकत आहेत. प्राध्यापकांनी त्यांच्या हाती शासनाचे अहवाल द्यावेत आणि ते परीक्षेपुरते वाचून घेऊ नयेत. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील कामाचे तास आणि आजाऱ्यांची नोंद ठेवावी. दलित आत्मकथनांनी भूक शब्दांत नोंदवली, तेव्हा ती साहित्य नव्हे असे म्हणणारे होते. आज आपण ऊन आकड्यांत नोंदवू, तेव्हा ते शास्त्र नव्हे असे म्हणणारेही निघतील. त्यांना उत्तर देण्याइतके शिक्षण आता आपल्याकडे आहे.

तापमापक खोटे बोलत नाही. तो जेथे उभा केला जातो, तेथलेच सांगतो. तो कोठे उभा करायचा हे माणसे ठरवतात आणि त्या ठरवणाऱ्यांत आपली माणसे असली पाहिजेत.